पहिल्या जागेवरचं बटण

प्रतापरावांचा आवाज एके काळी बदनावरच्या मंडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. सोयाबीनच्या ढिगापाशी उभे राहून बोली पुकारायला लागले की बाहेर चहा पिणारे हमालसुद्धा कप ठेवून आत यायचे. आणि नेमकी त्याच माणसाची वाचा गेली! लकवा मारला, उजवं अंग गेलं, जीभ गेली. उरलं ते डाव्या हाताचं एक धड बोट आणि टुकटुक बघणारे डोळे. एवढ्या आडव्यातिडव्या देहात देवाला न्यायला नेमकी वाचाच सापडावी, याला काय म्हणायचं ते म्हणा.

मुलगी अक्षदा देवासला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. कारखान्यांच्या हजेरीचे, स्टोअरचे प्रोग्राम बनवायचे, त्यात पडद्यावरचं सगळं तिच्याकडे. कुठलं बटण कुठे मांडायचं, कधी दाखवायचं, कधी काढायचं. वडील हॉस्पिटलातून धारला घरी आले तेव्हा ही पोरगी कंपनीतला एक जुना कॉम्प्युटर मागून घेऊन निघाली. देवास ते इंदूर, इंदूर ते धार, दोन्ही बसमध्ये मॉनिटर मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "बेटा, टीवी दहेज में मिला क्या?" हिने मॉनिटर आणखी घट्ट धरला.

घरी बसून तिने वडिलांसाठी एक बोलका फलक बनवला. पडद्यावर एक पॅनेल, पॅनेलवर मोठमोठी चित्रं ओळीने. पहिलं आईचं, मग अक्षदाचं, मग भाऊ अंकितचं, मग घरातच राहणाऱ्या अक्काचं, म्हणजे आत्याचं, आणि शेवटी चहाचा कप आणि पाण्याचा तांब्या. माउस काही बाबांच्या हाताला जमेना. मग तिने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कीबोर्डवर बसवला आणि आकड्यांच्या बटणांवर तेवढी भोकं पाडली. पहिल्या भोकात बोट घातलं की पहिलं चित्र उजळायचं आणि ज्याचं चित्र त्याचा आवाज यायचा. अक्का म्हणायची, "काय रे प्रताप, काय हवंय?" अंकितचं आपलं हिंदीत, "हाँ पापा, बोलो." अक्षदाचा आवाज हसरा, "आले हं बाबा, आले!"

आई मात्र रेकॉर्डिंगला बसेना. "मला नाही जमायचं मेलं त्या नळकांड्यात बोलायला." शेवटी अक्षदाने युक्ती केली. माइक ओट्याखाली लपवला आणि बाहेरून हाक मारली, "आई, बाबा बोलावतायत!" त्यासरशी रुक्मिणीबाई खेकसल्या, "आले, आले, धीर धरा थोडा!" आणि त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. तीही रेकॉर्ड झाली. अक्षदाने ती मुद्दाम तशीच ठेवली, कारण शिट्टीशिवाय आई म्हणजे आई वाटेना.

फलक जवळजवळ दोन वर्षं झकास चालला. बाबा पहिलं बटण दाबत, पेटीतून आई खेकसे, आणि मागोमाग खरी आई पदराला हात पुसत येऊन उभी राही. आधी आवाज, मागून माणूस. बाबांना दरवेळी काही हवं असायचं असं नाही. ती आली की ते नुसते बघायचे. मग तीच म्हणायची, "झालं? जाऊ?" ते डोळे मिटायचे. एवढाच संसार उरला होता, पण उरला होता. प्रतापरावांकडे आता एकच शब्द होता, आणि तो म्हणजे रुक्मिणी.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता रुक्मिणीबाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत.

अक्षदा देवासहून पोचली तोवर सगळं आटपलं होतं. घरात शिरली, वडिलांच्या पायाशी बसली, आणि तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आईचा आवाज आला, "आले, आले, धीर धरा थोडा!" मागून शिट्टी. बाबांचं बोट पहिल्या भोकात होतं आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे.

त्या दिवसापासून ते थांबलेच नाहीत. सकाळी उठवून खुर्चीत बसवलं की बोट भोकात. आले, आले, धीर धरा थोडा. शिट्टी. दाराकडे बघायचे, वाट बघायचे, पुन्हा दाबायचे. घरात सुतक. चुलीवर फोडणी नाही, जेवण शेजारच्या उमाबाईंकडून येतंय, आणि दिवसभर कुकरच्या शिट्ट्या! उमाबाईंनी एकदा डबा देता देता दारातच विचारलं, "कुकर लावलात होय? मग मी उगाच आणलं." तेवढ्यात आतून आवाज आला, तो ऐकून त्या डबा तिथेच ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून डबा त्यांचा मुलगा फाटकावर अडकवून जायला लागला.

पुठ्ठा काढून घेतला तर बाबा घशातून असा काही आवाज काढायचे की काळीज फाटायचं. अन्नाला तोंड लावेनात. पुठ्ठा परत दिला की गप्प. अंकित औषध कंपनीत एमआर, कुक्षी-सरदारपूर मोटरसायकलवर पालथं घालणारा, एरवी कशाला न भिणारा गडी. पण तोही म्हणाला, "ताई, ये तो हद हो गई यार. मला रात को झोप नाही येत. वाटतं ती किचनमध्येच आहे."

खरं सांगायचं तर अक्षदालाही तसंच वाटायला लागलं होतं. रेकॉर्ड केलेला आवाज थकत नाही, बदलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण दुपारी घर सुन्न असताना ती कान देऊन ऐकायची, तेव्हा तिला वाटायचं, काल आई जरा मोठ्याने बोलली होती. आज दमलीये.

दहाव्याला सगळे तलावाच्या काठावर गेले. बायका घाटावर जात नाहीत, पण अक्का कोणाला विचारून कुठे गेली असेल तर शपथ! नऊवारीचा ओचा सावरत पुढे येऊन बसली, मागे अक्षदा. पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, चांगले चार-पाच. एकही खाली येईना.

भटजी म्हणाले, "बोला, काही इच्छा राहिली असेल." अंकितने हात जोडले. "आई, बाबांना संभाळू." कावळा जागचा हलेना. "ताईचं लग्न करू." कुठलं काय! उमाबाईंचे यजमान म्हणाले, गच्चीचा कठडा बांधू म्हणा, त्यांच्या फार मनात होतं. तेही म्हणून झालं. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी अक्का कडाडली, "ठेवा तो दर्भ! माझी भावजय गवताच्या कावळ्याने जाणारी नव्हे." आणि पुढे होऊन पिंडासमोर बसली.

"रुक्मिणी," अक्का हळू आवाजात म्हणाली, एरवी तिला हळू आवाज आहे हे कोणाला माहीत नव्हतं, "तो तुला दिवसभर बोलावतो आणि तू दिवसभर आले म्हणतेस. अगं, कशी जाशील तू? तेराव्याच्या आत त्या पेटीतून तुला मोकळी करते. माझा शब्द. जा आता, बाई."

कावळा उतरला. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पिंडाला चोच मारली.

अंकित रडायला लागला. बाकीचे सुटलो म्हणून उठले. आणि अक्षदा तिथेच बसून राहिली, कारण शब्द अक्काने दिला होता पण हात तिचा लागणार होता. बाबांकडे एकच शब्द उरलाय आणि तो आपण पुसायचा. आणि नाही पुसला तर आई अडकलेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मग बाबांनी कोणाला हाक मारायची?

घरी आल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. अक्का शेजारी स्टुलावर, पहारेकऱ्यासारखी.

"काय करतेस ते मला सांगून कर."

"हे पॅनेल, अक्का. याला आमच्यात पॅरेंट म्हणतात. आणि ही सगळी बटणं त्याची मुलं."

"रुक्मिणी पण मूल? आणि मी?"

"तूपण."

"बरंय. या वयात मला आईबाप मिळाले. आता काढ तिला."

अक्षदाने कोडमध्ये एक ओळ लिहिली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. आईचं चित्र गेलं. तिच्या जागी राखाडी चौकोन राहिला. अक्काने पदर डोळ्याला लावला, देवघरात जाऊन दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट सवयीने पहिल्या भोकात गेलं.

"आले, आले, धीर धरा थोडा!"

अंकितच्या हातून चहाचा कप पडला. पडद्यावर चित्र नाही, काही नाही, रिकामी राखाडी जागा, आणि त्या रिकाम्या जागेतून आई बोलली. शिट्टी झाली. अंकितची पाचावर धारण बसली. चप्पल न घालताच फाटकापर्यंत पोचला. "ताई, तूने हटाया था ना? मी बघितलं होतं!"

अक्का देवघरातून आली. तिने बाबांकडे नाही बघितलं, पडद्याकडे नाही बघितलं. अक्षदाकडे बघितलं.

"काय केलंस?"

अक्षदाच्या तोंडचं पाणी पळालं. ती भुताला नव्हती घाबरली. तिला ठाऊक होतं काय झालंय ते. बटण लपवणं वेगळं आणि काढणं वेगळं. तिने आईला काढलंच नव्हतं, नुसतं झाकलं होतं. झाकलेलं बटण पॅनेलवर असतंच, आपल्या जागी असतं, कोणी हाक मारली तर ओ देतं. कंपनीत नव्या मुलांना ती हेच पढवायची, आणि चुकले की झापायची. काल मात्र तिचीच बोटं 'काढ' हा शब्द लिहायला धजली नव्हती. चित्र दिसलं नाही तर बाबा हळूहळू विसरतील, आणि वचनही पाळल्यासारखं होईल, अशी मनाची समजूत. वचन कावळ्यासमोर दिलेलं, आणि ही फसवायला निघाली होती आईला!

"झाकलं होतं," ती म्हणाली. "काढवेना मला, अक्का."

अक्काचा हात वर गेला. मारते की काय असं वाटलं. तो हात अक्षदाच्या डोक्यावर टेकला. "मेलेल्या माणसाला कोनाड्यात कोंडून ठेवू नये गं. त्याचे हाल, आपलेही हाल. मला का हौस आहे? चाळीस वर्षं एका ओट्यावर काढली आम्ही. तरी म्हणते, काढ."

मग बाराव्याच्या रात्री, बाबा निजल्यावर, अक्षदाने काढलं. पॅनेलवरून बटण वेगळं केलं, बटणाला बांधलेला आवाज सोडवला, सगळं मोकळं केलं. आवाजाची फाइल राहिली. तिची एक कॉपी सीडीवर ठेवावी, कोणाला न सांगता, असं मनात आलं. सीडी हातात घेतलीसुद्धा. मग तिने शेवटचं एकदा ऐकलं, कानाला हेडफोन लावून, एकटीने. आले, आले, धीर धरा थोडा. आणि पुसून टाकलं. फलक पुन्हा चालू करून बघायचं भानही राहिलं नाही. ती तिथे टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि कोणी तिला उठवलं नाही.

तेराव्याच्या सकाळी घरात माणसं होती, गोडाच्या स्वयंपाकाची गडबड होती. तरी बाबांना खुर्चीत बसवलं तेव्हा अक्षदा, अक्का आणि अंकित तिघंही जागच्या जागी थांबले. आता काही आवाज येणार नव्हता. बाबा दाबतील, काही होणार नाही, पुन्हा दाबतील. मग तो घशातला आवाज. अक्षदाने पदर नव्हता म्हणून ओढणीच मुठीत धरली.

बोट पहिल्या भोकात गेलं.

"आले हं बाबा, आले!"

अक्षदा दचकली. तिचाच आवाज. पडद्यावर पहिल्या जागेवर तिचंच चित्र उजळलं होतं, वेणी पुढे घेतलेलं. क्षणभर तिला काही कळेना, आणि मग कळलं. भोकं चित्रांशी बांधलेली नव्हती, जागांशी बांधलेली होती. पहिलं भोक म्हणजे पॅनेलवर जो पहिला असेल तो. आई झाकलेली होती तोवर तिची जागा अडलेली होती. ती खरोखरीची गेली, आणि मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. घरात होतं तसंच.

बाबांनी दाराकडे बघितलं. दारात अक्षदा उभी होती. ती जवळ जाऊन उभी राहिली. दुसरं काय करणार? आवाज आधी येऊन गेला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. खूप वेळ. मग त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. रुक्मिणीबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दिवशी ते जेवले. श्रीखंड अक्काच्या हातून खाल्लं, पुरीचा घास अंकितच्या हातून.

"मी हे नीट करते," अक्षदा म्हणाली. "पहिल्या जागेवर एक रिकामं बटण बसवते. मग सगळे आपापल्या जागी जातील."

"राहू दे," अक्का म्हणाली. "जेवला तो."

राहू दिलं. आणि खोटं कशाला बोला, अक्षदाला आतून बरंही वाटलं. ज्या जागेवर आई होती तिथे बाबांनी तिला चालवून घेतलं होतं. रजा संपेपर्यंत ते दाबत, ती जात, ते बघत, ती म्हणे, "झालं? जाऊ?" हे शब्द कुठून तोंडात आले ते तिलाही कळलं नाही.

रजा संपली. ती देवासला परतली. कंपनीत कामाचा डोंगर साचला होता. आठवड्याने येते म्हणाली होती, तो आठवडा लांबला. मग पुढचाही. फोनवर अंकित म्हणायचा, पापा ठीक हैं, टेंशन मत ले. ती टेंशन घेईना.

एका रविवारी दुपारी देवासच्या टेकडीखालच्या आपल्या खोलीत धुणं पिळता पिळता तिने धारला फोन लावला. अक्काने उचलला.

"जेवतात ना गं?"

"जेवतो आपला."

आणि अक्काच्या आवाजाच्या मागून, दूर खोलीतून, कोणीतरी हसत म्हणालं, "आले हं बाबा, आले!"

अक्षदाच्या हातातलं ओलं कापड तसंच राहिलं. स्वतःचा आवाज असा लांबून, दुसऱ्या गावच्या घरात हिंडताना ऐकणं काय असतं, हे ज्याने ऐकलं त्यालाच कळेल. ती इथे उभी आहे, आणि तिथे ती आले म्हणतेय. किती खरं वाटत होतं! आत्ता दारातून आत येईल असं.

"अक्का... फार दाबतात का?"

"दिवसभर. सकाळी बसवला की सुरू. दाबतो, दाराकडे बघतो. तू म्हणतेस आले. परत दाबतो."

"मला कोणी सांगितलं नाही."

"काय सांगायचं?"

"आले हं बाबा, आले!"

"अक्का, मी ते बदलते. पुढच्या वेळी आले की आधी तेच करते. पहिली जागा रिकामी ठेवते, म्हणजे त्यांना... आईच्या वेळीही असंच झालं होतं ना, तेव्हा आपण..."

"रुक्मिणीचं नाव नको घेऊस," अक्का म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, म्हणूनच ऐकवेना. "ती मेलेली होती. तिला येता येत नव्हतं."

मागून पुन्हा तेच. हसरं, लाडिक, दोन वर्षांपूर्वीच्या अक्षदाचं.

तिने तोंड उघडलं. जिभेवर एकच शब्द आला होता, 'आले', घरातल्या बाईचा वर्षानुवर्षांचा शब्द, आणि तो आता तिला उच्चारवेना. तिने तो गिळला, फोन ठेवला, पिळा बादलीत तसाच सोडला, आणि पायात मिळतील त्या चपला घालून इंदूरची बस गाठायला पळाली.